चार बाजू मोजल्या, पण कर्ण मोजला का?

आजचा भाग ऐकताना किंवा वाचताना जमलं तर हाताशी एक कागद ठेवा. एसटीत असाल तर जुनं बिल, पावती, काहीही चालेल. थोड्या वेळाने लागणार आहे.

आजचा प्रश्न शाळेतला आहे. चौरसाचं क्षेत्रफळ दिलंय, बाजू दिलेली नाही, तर कर्ण किती? कर्ण म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी रेघ. शाळेत यावर फार तर दोन मार्क मिळायचे. आमच्या घरात मात्र यावर ३९ चौरस फूट जमीन अडकली होती. म्हणून हा भाग.

मी राजगुरुनगरचा. हुतात्मा शिवराम हरी राजगुरूंचं हे गाव, भीमेच्या काठावरचं. जुनी माणसं अजूनही खेडच म्हणतात. गेल्या वीसेक वर्षांत इथे काय झालंय ते पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसतं. चाकणच्या कंपन्या वाढल्या, माणसं आली आणि शेतांत पांढरी फक्की मारून प्लॉट पडले. आमच्याकडे जमिनीची बोली एकरात कमी, गुंठ्यात जास्त. ‘गुंठामंत्री’ हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. रिटायर झाल्यावर फंडाचे पैसे आले आणि त्यांनी ठरवलं, एक गुंठा घ्यायचा. प्लॉट बघितला, इसार दिला. खरेदीखताला पंधरा दिवस होते.

मोजायला मी गेलो होतो. मी बी.टेक., रोज कोड लिहितो, आकड्यांची भीती नाही. एजंटच्या पोराने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. चारही बाजू मोजल्या. ३३, ३३, ३३, ३३ फूट. एजंट म्हणाला, “बघा अण्णा, तेहतीस बाय तेहतीस. एक गुंठा पक्का.” मी मोबाइलवर गुणाकार केला, १०८९ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे तेवढंच. मी मान डोलावली.

पुढच्या रविवारी अण्णांनी कंपाऊंडचा अंदाज घ्यायला आमच्या आळीतल्या गवंडी मामांना नेलं. मामांनी टेप काढलाच नाही. आधी गुण्या काढला. गुण्या म्हणजे कंपासपेटीत असतो तोच काटकोन, फक्त लोखंडी आणि मोठा. कोपऱ्यावर ठेवला, दोरी ताणली आणि म्हणाले, “अण्णा, हे गुण्यात नाय. कर्ण मोजला का?”

मी आणि अण्णा एकमेकांकडे बघत राहिलो.

कर्ण मोजले. एक आला ४० फूट. दुसरा आला ५२ फूट ६ इंच. मामा म्हणाले, “सरळ गुंठा असता तर दोन्हीकडून शेहेचाळीस फूट आठ इंच आला असता.” मी विचारलं, “मामा, हा आकडा कुठून काढला?” ते म्हणाले, “मी कशाला काढू? माझ्या मिस्त्रीने पाठ करून घेतला होता.”

मामा सातवीपर्यंत शिकलेत. त्या रात्री मी वही घेऊन बसलो. ४६ फूट ८ इंच हे गणिताने पाच मिनिटांत निघालं. पण त्यामागे गेलो तर थेट चाळीसगावजवळच्या पाटणपर्यंत पोहोचलो, बाराव्या शतकात. तोच रस्ता आज तुम्हाला दाखवतो.

आधी कागद घ्या

कागद चौरस फाडा. आता चारही कोपरे मधल्या बिंदूवर आणून दुमडा. लहानपणी बोटांत घालून उघडझाप करायचा कागदी खेळ आठवतो? त्याची ही पहिलीच घडी. आता हातात एक लहान चौरस आला.

या लहान चौरसावर सगळीकडे कागदाचे दोन थर आहेत. म्हणजे त्याचं क्षेत्रफळ मूळ कागदाच्या बरोबर निम्मं. आता लहान चौरसाचा कर्ण बघा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. तो मूळ कागदाच्या बाजूएवढाच आहे. हवं तर शेजारी दुसरा कागद ठेवून पडताळा.

झालं की! लहान चौरसाच्या कर्णावर चौरस उभा केला, तर त्याचं क्षेत्रफळ दुप्पट भरतं. म्हणून क्षेत्रफळावरून कर्ण काढायचा तर बाजू शोधायची गरजच नाही. क्षेत्रफळ दुप्पट करा आणि वर्गमूळ काढा.

गुंठा १०८९ चौरस फूट. दुप्पट २१७८. त्याचं वर्गमूळ ४६.६७. म्हणजे ४६ फूट ८ इंच. मामांचा आकडा हाच.

ग्रीसमध्ये सुमारे २४०० वर्षांपूर्वी प्लेटोने ‘मेनो’ नावाच्या संवादात हेच दाखवलंय. सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला विचारतो, या चौरसाच्या दुप्पट चौरस कसा काढशील? मुलगा आधी म्हणतो, बाजू दुप्पट करू. पण तसं केलं तर क्षेत्रफळ चौपट होतं. शेवटी त्याला उमगतं की कर्णावर चौरस काढायचा. त्याच्याही एक हजार वर्षांहून जास्त आधीची एक मातीची वीट अमेरिकेत येल विद्यापीठात आहे, बेबिलोनची. तळहातावर मावेल एवढी. तिच्यावर चौरस, त्याचे दोन कर्ण, बाजू ३० आणि कर्णाचा आकडा कोरलेला आहे. तो आकडा आजच्या कॅल्क्युलेटरशी चार दशांश स्थळांपर्यंत जुळतो.

दोरी आणि तीळ

आपल्याकडे हे काम दोरीने व्हायचं. यज्ञाच्या वेदी ठरावीक आकाराच्या आणि ठरावीक क्षेत्रफळाच्या लागायच्या. त्या आखायच्या कशा हे सांगणारे ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रं. शुल्ब म्हणजे दोरी. त्यातलं बौधायनाचं सूत्र सगळ्यात जुनं मानतात, ढोबळमानाने अडीच हजार वर्षांहून आधीचं.

बौधायन सरळ सांगतो की चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट जमीन करते. त्या दोरीला नाव आहे ‘द्विकरणी’, म्हणजे दुप्पट करणारी. नववीच्या पुस्तकात वर्गमूळ २, वर्गमूळ ३ अशा संख्यांना ‘करणी’ म्हणतात, आठवतं? माझ्या आजीला मी एकदा सांगितलं की उद्या करणीचा पेपर आहे, तर ती मीठ-मोहरी घेऊन आली होती. तर ती करणी ही, वेदीच्या दोरीवरून आलेली.

पण दोरी किती लांब घ्यायची? बौधायनाची कृती अशी आहे: बाजू घ्या, तिच्यात तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. ऐकायला किचकट वाटतं. पण बाजू १२ अंगुळं घेऊन बघा. १२ अधिक ४ अधिक १, झाली १७. त्यातून एका अंगुळाचा चौतिसावा भाग वजा. आणि गंमत म्हणजे बौधायनाच्याच मापात एक अंगुळ म्हणजे ३४ तीळ! म्हणजे बाजू १२ अंगुळं असेल तर कर्ण १७ अंगुळांना एक तीळ कमी. लक्षात ठेवायला किती सोपं.

हे माप आमच्या गुंठ्याला लावून बघितलं. खऱ्या कर्णात आणि या कर्णात मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा फरक येतो. डोक्याचा केसही त्याहून जाड असतो.

सव्वातीनचा चौरस

आता महाराष्ट्रात येऊ. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ‘लीलावती’ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केली. स्वतःचं गाव ते विज्जडविड असं सांगतात, सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेलं. ते गाव आज नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत वाद आहे. पण जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दान मिळालं, हे त्या लेखात लिहिलंय, आणि त्याचा काही भाग चक्क जुन्या मराठीत आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. जमिनीचं गणित शिकवायला दान मिळत होतं, आणि तेही आपल्या खानदेशात. मला हे वाचून भारी वाटलं.

‘लीलावती’त क्षेत्रव्यवहार नावाचा भाग आहे. त्यात एक उदाहरण असं: दोन्ही बाजू सव्वातीन, तर कर्ण किती? म्हणजे हा आपलाच प्रश्न, चौरसाचा कर्ण. दोन्ही बाजूंचे वर्ग मिळवले की १६९ छेद ८ येतात. बाजू सारख्या असल्याने हे क्षेत्रफळाच्या दुप्पटच आहे. याचं वर्गमूळ पूर्ण सुटत नाही. करणी आहे.

मग ते काय करतात? आधी अंश आणि छेद गुणतात, १६९ गुणिले ८, १३५२. त्याला एका मोठ्या वर्गाने, दहा हजाराने, गुणतात. झाले १,३५,२०,०००. याचं जवळचं पूर्णांकी वर्गमूळ ३६७७. आता दहा हजाराचं मूळ शंभर आणि आधीचा छेद आठ, त्यांचा गुणाकार ८००. भागलं की उत्तर ४ पूर्णांक ४७७ छेद ८००. दशांशात ४.५९६२५. माझा मोबाइल म्हणतो ४.५९६१९. फरक चौथ्या दशांशाच्याही पुढचा.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. कारण पैशाचे व्यवहार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो. रुपये दशांशात ठेवले तर बारीक चुका साचत जातात. म्हणून रक्कम शंभराने गुणून पैशांत, पूर्णांकात ठेवायची, सगळं गणित पूर्णांकात करायचं आणि शेवटी दाखवताना शंभराने भागायचं. भास्कराचार्यांना यापेक्षा जास्त अचूक उत्तर हवं असतं, तर त्यांनी दहा हजाराऐवजी आणखी मोठा वर्ग घेतला असता. पद्धत तीच.

आपल्या गुंठ्याला लावा. २१७८ गुणिले दहा हजार, म्हणजे २,१७,८०,०००. जवळचं मूळ ४६६७. शंभराने भागा, ४६.६७ फूट. कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण नसेल तरी चालतं.

चार बाजूंवर विसंबणारा पिशाच्च

पण खरी गोष्ट याच्यापुढे आहे. आणि तिच्यासाठीच मी हा भाग केलाय.

जुन्या गणितात चौकोनाचं क्षेत्रफळ काढायची एक सोपी रीत होती. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. आजही गावाकडे वाकडातिकडा तुकडा असला की कुणीतरी हेच करतं. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये या उत्तराला ‘स्थूल’, म्हणजे ढोबळ म्हटलं होतं. त्याने चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं एक सूक्ष्म सूत्रही दिलं. ते बरोबर आहे, पण चौकोनाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसत असतील तरच.

भास्कराचार्य इथे थांबवतात. त्यांचं म्हणणं असं की चार बाजू तेवढ्याच ठेवूनही चौकोनाचे कर्ण बदलू शकतात. कर्ण ठरलेले नाहीत, मग क्षेत्रफळ ठरलेलं कसं असेल? आणि मग ते चिडून लिहितात की एक कर्ण किंवा लंब न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच्च!

मी एजंटला काही म्हणू शकत नव्हतो. मोबाइलवर उत्तर काढणारा मीच होतो.

ते नुसते रागावत नाहीत, उदाहरण देतात. चारही बाजू २५ चा चौकोन घ्या. एक कर्ण ३० असेल तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. तोच चौकोन आणखी दाबला, एक कर्ण १४ केला, की दुसरा ४८ होतो आणि क्षेत्रफळ थेट ३३६ वर येतं. आणि दोन्ही कर्ण सारखे असतील तर क्षेत्रफळ ६२५, तेव्हाच तो चौरस. तिन्ही वेळा बाजू त्याच. टेप तिन्ही वेळा पंचवीसच दाखवणार.

डोळ्यांसमोर आणायचं असेल तर चार सारख्या काड्या टोकाला दोऱ्याने बांधा. ताणून चौरस करा. आता एका कोपऱ्यावर हलकंसं दाबा. काड्या तेवढ्याच राहतात, आतली जागा कमी होत जाते. पार दाबलं की जागाच उरत नाही.

आता आमचा प्लॉट बघा. चारही बाजू सारख्या असलेल्या चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे दोन कर्णांचा गुणाकार भागिले दोन. ४० गुणिले ५२.५, भागिले २, म्हणजे १०५०. गुंठ्यात हवे होते १०८९. कमी किती? ३९ चौरस फूट. ब्रह्मगुप्ताची ढोबळ रीत लावा किंवा सूक्ष्म सूत्र लावा, दोन्हीकडून १०८९ च येतात, कारण कर्णाचं कुणी विचारतच नाही. ३९ फूट म्हणजे जवळपास ५ बाय ८ चं बाथरूम. अण्णांच्या फंडातलं एक बाथरूम मी मान डोलावून सोडून देणार होतो.

साखळीचा गुंठा

मग ३३ फूट हाच आकडा का? हे इंग्रजांच्या काळात पक्कं झालं. त्याआधी आपल्याकडे काठी होती. शिवकाळातल्या मोजणीची पाच हात पाच मुठींची काठी इतिहासाच्या पुस्तकात वाचली असेल. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. म्हणजे बिघा हाही वीस बाय वीस काठ्यांचा चौरसच.

इंग्लंडमध्ये एडमंड गंटरने १६२० मध्ये ६६ फुटांची साखळी आणली. अशी दहा चौरस साखळी जमीन म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्यातल्या मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली. तिचे १६ आणे. साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणूनच जुन्या कागदांवर एकर, गुंठे, आणे असं लिहिलेलं असतं.

ही मोजणी आपल्याच जिल्ह्यात घडली. १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात केलेली मोजणी आणि आकारणी इतकी चुकीची निघाली की शेतकरी हैराण झाले. काही जमिनी पडीक पडल्या, काही जण गाव सोडून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम केलं आणि १८३६ मध्ये तिथे नवी आकारणी लागू झाली. पुढे मुंबई इलाख्यात तीच पद्धत पसरली. मोजणी चुकली की गाव उठतं, हा धडा इंदापूरने दिला.

आणि ती मोजणी कशी व्हायची? बांधाबांधाने चार बाजू मोजून नाही. त्या पद्धतीला शंकू-साखळी म्हणतात. शेताच्या आतून एक लांब सरळ रेघ धरायची, शक्यतो एका कोपऱ्यापासून लांबच्या कोपऱ्यापर्यंत. शंकू हे काटकोन टाकायचं साधन. त्याने त्या रेघेवरून दोन्हीकडच्या कोपऱ्यांपर्यंत लंब मोजायचे. शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन करून एकेकाचं क्षेत्रफळ काढून बेरीज करायची. हे आकडे आणि नकाशा जिथे लिहिला जायचा ते टिपण. म्हणजे भास्कराचार्य ज्याचा आग्रह धरत होते, एक कर्ण किंवा लंब सांगा, ते प्रत्येक टिपणात लिहिलेलं आहे. मोजणी खात्याने चार बाजूंवर कधीच भरवसा ठेवला नाही. आमच्या प्लॉटिंगच्या नकाशावर मात्र चारच आकडे होते.

पुढे काय झालं

सोमवारी अण्णा आणि मी एजंटकडे गेलो. मी वही नेली होती. तो आधी हसला. “अहो अण्णा, रस्ता जरा तिरका आहे, म्हणून तसं दिसतंय. बाजू तर बरोबर आहेत ना?”

अण्णा म्हणाले, “बाजू बरोबर आहेत, जागा कमी आहे.”

त्याने टेप मागवला. आम्ही परत गेलो. ४० आणि साडेबावन्न. दुसऱ्यांदाही तेच. कोपऱ्याचे दगड सरकवता येत नव्हते, कारण अख्खी ओळच तिरकी होती, चौदा प्लॉट. रस्त्याच्या कलाने आखल्यामुळे प्रत्येक प्लॉट तेवढाच कललेला. चौदाचा हिशोब केला तर ५४६ चौरस फूट होतात, म्हणजे अर्धा गुंठा. ओळीत जागा साडेतेरा गुंठे, विकले जाणार होते चौदा. त्याने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यालाही कुणीतरी चारच आकडे दिले असतील. पण पैसे आमचे जाणार होते.

दोन-तीन चकरा झाल्या, थोडी बोलाचाली झाली. शेवटी खरेदीखतात १०५० चौरस फूट लिहिले, नकाशावर दोन्ही कर्ण लिहिले आणि तेवढेच पैसे दिले. मामांनी कंपाऊंडला मुहूर्त काढायला सांगितलं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. शेजारच्या प्लॉटचे काका आमच्या आधी महिनाभर खरेदीखत करून मोकळे झाले होते. त्यांनीही फंडातूनच घेतलाय. सांगावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. आई म्हणाली, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला? अण्णा म्हणाले, उद्या बांध घालताना भांडण होण्यापेक्षा आज सांगितलेलं बरं. ते स्वतः गेले, टेप घेऊन. काकांचा कर्णही ४० फूटच भरला. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बरं झालं सांगितलं. पण आता मी काय करू?” त्यांनी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाकलाय. तारखेची वाट बघताहेत. मी हे लिहीत असताना तरी त्यांचा प्रश्न सुटलेला नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. घरात कुणी प्लॉट घेत असेल तर टेप धरायला तुम्ही जा आणि तिरका धरा. प्लॉट चौरस म्हणून विकत असतील तर सांगितलेलं क्षेत्रफळ दुप्पट करा, मोबाइलवर वर्गमूळ काढा. दोन्ही कर्ण तेवढेच आले पाहिजेत. गुंठ्याला ४६ फूट ८ इंच. सातबाऱ्यावर ‘आर’ असेल तर तो गुंठ्याहून किंचित लहान, १० मीटर बाय १० मीटर, त्याचा कर्ण १४.१४ मीटर. प्लॉट आयताकृती असेल तर समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण सारखे, एवढं बघा. वाकडा असेल तर कर्णाने त्याचे दोन त्रिकोण करा आणि दोन्हींची क्षेत्रफळं मिळवा. आणि कर्ण कमी-जास्त भरले तर इसार देण्याआधी बोला. आम्ही नंतर बोललो, म्हणून चकरा पडल्या.

मामांना मी नंतर भास्कराचार्यांची ती पिशाच्चाची गोष्ट सांगितली. विटेवर बसून चहा पीत होते. खूप हसले. म्हणाले, “बरोबरच बोलले की. आमचा मिस्त्री तर याच्यापेक्षा वाईट शिव्या द्यायचा.”

तर मंडळी, तो दुमडलेला कागद फेकू नका, पाकिटात ठेवा. कधी कुणी ‘तेहतीस बाय तेहतीस’ म्हणालं की काढून दाखवा. तुमच्याकडे गवंडी, सुतार, मोजणीदार यांच्या अशा पाठ केलेल्या मापांच्या गोष्टी असतील तर मला व्हॉइस नोट पाठवा. एखाद्या पुढच्या भागात त्या सगळ्यांना ऐकवू. भेटू लवकरच.